मृत्यूचे साक्षीदार

सतराव्या शतकातील लंडन शहरात कोणी मरण पावले म्हणजे चर्चची घंटा वाजे, किंवा थडगे खणणाऱ्याकडे जागेसाठी निरोप जाई. तो निरोप कानी येताच त्या चर्चच्या हद्दीत नेमलेल्या वृद्ध स्त्रिया मृताच्या घरी जात. प्रेत न्याहाळून व घरच्या माणसांना चार प्रश्न विचारून, मनुष्य कोणत्या रोगाने अगर अपघाताने गेला हे त्या चर्चच्या कारकुनास कळवीत. कारकून दर मंगळवारी रात्री आपल्या हद्दीतील दफनांचा व बाप्तिस्म्यांचा हिशेब मुख्य कचेरीत नेऊन देई. बुधवारी सर्व शहराचा तक्ता जुळवून छापला जाई, आणि गुरुवारी तो वर्गणीदारांच्या हाती पडे. वर्गणी सालीना चार शिलिंग होती. धनिक लोक हा तक्ता घेत तो विशेषतः प्लेगवर नजर ठेवण्यासाठी. आकडा चढू लागला की शहर सोडण्याची तयारी वेळीच करता येत असे.

या स्त्रियांना 'शोधणाऱ्या' असे म्हणत. त्या बहुधा चर्चच्या धर्मादायावर जगणाऱ्या गरीब विधवा असत. हे काम नाकारले तर तो धर्मादायही जाण्याचा संभव असे. त्यांनी वैद्यकाचे एक अक्षरही शिकलेले नव्हते. प्रत्येक प्रेतामागे एक ग्रोट, म्हणजे चार पेन्सचे एक लहानसे नाणे, हे त्यांचे वेतन. आणि तरीही १६२९ सालापासून लंडनच्या वार्षिक तक्त्यांत रोगवार मृत्यूंचे जे आकडे छापले गेले, ते सर्व या अडाणी म्हाताऱ्यांच्या शब्दावर उभे होते. डॉक्टरने सही केलेला मृत्यूचा दाखला ही वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

या तक्त्यांच्या जुन्या चळती ज्याने प्रथम विचारपूर्वक वाचल्या तो मनुष्य वैद्य नव्हता, पंडितही नव्हता. जॉन ग्रॉण्ट हा लंडनचा एक कापडव्यापारी. त्याने १६६२ साली आपली निरीक्षणे एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली, आणि आज ज्यास लोकसंख्याशास्त्र म्हणतात त्याचा आरंभ पुष्कळ विद्वान त्या पुस्तकापासून धरतात. ग्रॉण्टपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो असा की, या बायकांची साक्ष मानावयाची किंवा नाही? त्याने तिचा सरसकट स्वीकारही केला नाही आणि ती सरसकट फेकूनही दिली नाही. कोणत्या बाबतीत साध्या डोळ्यांची साक्ष पुरेशी असते आणि कोणत्या बाबतीत ती तोकडी पडते, याची त्याने एकेका रोगाच्या नावापुढे थांबून पारख केली. मनुष्य बुडून मेला, पडून मेला, देवी अंगावर फुटून मेला, किंवा केवळ अतिवृद्ध होऊन मेला, हे सांगावयास वैद्य कशास हवा? पण देहाचा नुसता सापळा उरलेला मनुष्य क्षयाने झिजला की दुसऱ्या एखाद्या जीर्ण विकाराने, हे त्या बाईस कसे कळावे? तिला दिसे ती कृशता, आणि कृश प्रेताला ती क्षय म्हणे.

त्याने वीस वर्षांच्या एकंदर २,२९,२५० मृत्यूंचा हिशेब मांडला. मुडदूस, आकडी, दात येणे, जंत, अंगाखाली चिरडणे अशा ज्या कारणांनी प्रायः लहान मुलेच जातात, त्यांची बेरीज ७१,१२४ भरली. तक्त्यांत त्या काळी मृतांचे वय दिलेले नसे. केवळ कारणांच्या नावांवरून ग्रॉण्टने ताडले की, मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चार-पाच वर्षांच्या आतली आहेत. म्हाताऱ्यांच्या ओबडधोबड शब्दांतून इतके मोठे सत्य निघू शकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु त्याच तक्त्यांत, त्याच वीस वर्षांत, उपदंशाने मेलेल्यांची संख्या अवघी ३९२ दाखविलेली होती. ग्रॉण्टचा यावर विश्वास बसेना. त्याने अधिक चौकशी केली, तेव्हा असे दिसून आले की ज्यांना कोणी विचारणारे नव्हते, जे अगदी हीनदीन अवस्थेत मेले, त्यांच्याच नावापुढे हा रोग लिहिला जाई. जरा बऱ्या घरचा मनुष्य त्याच रोगाने गेला तर त्याची नोंद क्षय म्हणून होई. याचे कारण ग्रॉण्टने भीड न धरता सांगितले आहे: बाईला एक पेला मद्य पाजावे आणि एका ग्रोटऐवजी दोन ग्रोट हातावर ठेवावे, म्हणजे काम होत असे. येथे अज्ञानाचा प्रश्न नव्हता. बाईला कळत होते, घरच्यांनाही कळत होते. लिहावयाचे मात्र कोणालाच नव्हते.

प्लेगच्या बाबतीत तर लपविण्याला याहूनही बळकट कारण होते. घरात प्लेग झाला असे जाहीर होताच त्या घराचे दार चाळीस दिवस बंद करून टाकीत, आणि आतल्या निरोगी माणसांनाही त्या मृत्यूच्या सोबतीने कोंडून ठेवीत. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या तापाचे नाव सांगावे असे कोणास वाटणार नाही? ग्रॉण्टने यावर जी युक्ती योजिली ती आजही सर्व जगात वापरली जाते. १६२५ च्या प्लेगात इतर रोगांनी मेले म्हणून जितके लोक दाखविले होते, त्यांची त्याने नेहमीच्या वर्षांतील मृत्युसंख्येशी तुलना केली. प्लेग नसलेल्या वर्षी जितकी माणसे मरावयाची त्यापेक्षा ती कितीतरी जास्त भरली. ही जास्तीची माणसे गेली कशाने? अर्थात प्लेगाने. त्याचा निष्कर्ष असा की, नोंदल्यापेक्षा प्लेगचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने अधिक असावेत. कारणाची नोंद खोटी असू शकते, पण प्रेत मोजलेले असले तर ती खोटी नोंदही अखेर पकडली जाते.

दोनशे सत्तर वर्षांनंतर हेच नाट्य मुंबईत घडले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाठोपाठ घरझडत्या, रुग्णांस बळजबरीने इस्पितळात नेणे, आप्तांस छावणीत ठेवणे हे सर्व आले. पुण्यात या बंदोबस्ताने कोणते वळण घेतले व १८९७ च्या जून महिन्यात रँडचा वध कसा झाला, हा इतिहास महाराष्ट्रास ठाऊकच आहे. घरोघर रोगी लपविले जाऊ लागले, आणि प्लेगचे मरण दुसऱ्याच कुठल्या तापाच्या नावाखाली जाऊ लागले. लंडनची बंद दारे आणि मुंबईच्या छावण्या यांनी माणसाच्या जिभेवर सारखाच परिणाम केला. अशा प्रसंगी प्लेगच्या रकान्यापेक्षा आठवड्याचा एकूण मृत्यूंचा आकडाच अधिक बोलका ठरतो.

शहराबाहेर तर याहून साधी व्यवस्था होती. ब्रिटिश अमदानीत खेड्यातील मृत्यूची वर्दी गावकामगारांनी द्यावी असा प्रघात होता. कोठे पाटील, कोठे चौकीदार. त्यांच्यासमोर कारणांचे मोजकेच रकाने असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि शेवटी इतर सर्व. पटकी पाटलास ओळखता येई. गावात ती आली की सगळ्यांनाच कळे. देवीही ओळखता येत. साप चावला, विहिरीत पडला, हे तर पोराटोरांस माहीत. पण ज्या ज्या मनुष्याचे अंग मरणापूर्वी तापले होते, तो तो तापाच्या रकान्यात जाऊन पडे. आणि अंग न तापता मरणारे किती? हिंदुस्थानातील बहुसंख्य मृत्यू वर्षानुवर्षे या एकाच रकान्यात साठत राहिले. हिवताप, विषमज्वर, काळा आजार, फुफ्फुसाचा दाह, बाळंतज्वर हे सर्व त्या एका शब्दाखाली गाडले गेले.

१९१८ साली या रकान्याची मोठीच परीक्षा झाली. त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ माणसे मेली. खेड्यांच्या दफ्तरात इन्फ्लुएंझा हा शब्द असण्याचे कारण नव्हते. तेथे फक्त तापाचा आकडा एकाएकी प्रचंड फुगला. त्या फुगवट्यातून नेहमीचा ताप वजा करून सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनी पहिला अंदाज काढला तो सुमारे ६० लाख मृत्यूंचा. ही ग्रॉण्टचीच रीत. पण या वेळी एक गोष्ट निराळी घडली होती. लिहिणारा गावकामगारच कित्येक ठिकाणी अंथरुणास खिळला किंवा मेला, आणि मृत्यूची मोजणीच बंद पडली. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा कळले की, आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटली आहे. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. जेथे प्रेतच मोजले जात नाही तेथे ग्रॉण्टची युक्तीही लंगडी पडते.

या तापाच्या रकान्याची गाठ सोडवावयाची तर मृताच्या घरी पुन्हा जाऊन विचारल्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. पण विचारावयाचे कसे? १९५६ साली जागतिक आरोग्य संघटनेतील इव्ह बिरो यांनी असे सुचविले की, डॉक्टर नसतील तेथे सामान्य माणसाकडून, पण ठरावीक पद्धतीने, मृत्यूची हकीकत घ्यावी. पंजाबातील नारंगवाल येथे आणि पूर्व बंगालमधील, म्हणजे आताच्या बांगलादेशातील, मतलब येथे जे संशोधक काम करीत होते, त्यांनी ही कल्पना व्यवहारात आणली. या पद्धतीस 'व्हर्बल ऑटॉप्सी' असे नाव पडले. मराठीत तिला तोंडी उत्तरीय तपासणी म्हणता येईल. येथे प्रेत नाही, शस्त्र नाही; आहे तो फक्त आईचा, पत्नीचा किंवा भावाचा शब्द.

या तपासणीचे मर्म असे की, घरच्या माणसास रोगाचे नाव विचारावयाचे नाही. त्याने काय पाहिले तेवढेच विचारावयाचे. नवजात अर्भकाचा धनुर्वात घ्या. बाळ आठवड्याच्या आत गेले, तर कोठे बाहेरची बाधा म्हणत, कोठे सटवीचा कोप म्हणत, आणि बहुतेक ठिकाणी जन्म व मृत्यू या दोहोंपैकी एकाचीही नोंद होत नसे. अशा आईस 'धनुर्वात झाला होता काय' असे विचारून उपयोग नाही. तिला विचारावे: पहिले दोन दिवस बाळ अंगावर नीट पीत होते काय? रडत होते काय? मग पिणे कोणत्या दिवशी थांबले? तोंड मिटले गेले काय? अंग लाकडासारखे ताठ होऊन झटके आले काय? दोन दिवस उत्तम प्यालेले मूल तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर एकाएकी ओढीनासे होते आणि ताठरते, असे होण्याला धनुर्वातावाचून दुसरे कारण क्वचितच असते. आईला हे दिवस बरोबर आठवतात. अशा प्रश्नांनी गावेच्या गावे हिंडल्यावर दिसून आले की, सरकारदरबारी जो रोग जवळजवळ नव्हताच तो घरोघरी पोरे नेत होता. गर्भवती स्त्रियांना धनुर्वाताची लस टोचण्याच्या मोहिमांना त्यामुळे जोर आला. २०१५ साली भारतात बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

महाराष्ट्राचा या कामातील वाटा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या अरण्यमय जिल्ह्यात काम आरंभिले, तेव्हा मुले कशाने मरतात हाच पहिला प्रश्न होता. श्वास जोराने चालत होता काय, बरगड्या आत ओढल्या जात होत्या काय, असे घरोघर विचारता विचारता न्यूमोनिया हे मोठे कारण म्हणून पुढे आले. आपल्याकडच्या आजीबाई ज्याला 'डबा' म्हणतात, त्यातला बराचसा भाग हाच. मग गावातीलच माणसांना मुलाचा श्वास मोजण्याचे व औषध देण्याचे शिक्षण देऊन ५८ गावांत उपचार सुरू केले, आणि शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. पहिल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी राहिले. हा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. आणि १९९२ साली तोंडी तपासणीवरून बालमृत्यूचे कारण कसे ठरवावे याचे निकषही त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडले. आधी नीट विचारले, म्हणून औषध कोणते द्यावे हे कळले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रयोग सबंध देशाच्या पातळीवर झाला. नमुना नोंदणी योजनेखाली भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय देशातील ठरावीक गावांत व वस्त्यांत जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत असतेच. त्यांतील ६,६७१ ठिकाणच्या सुमारे ११ लाख घरांत, २००१ ते २००३ या काळात झालेल्या मृत्यूंची घरी जाऊन चौकशी करण्यात आली. डॉ. प्रभात झा यांचा या कामात प्रमुख भाग होता. चौकशी करणारे सुमारे ८०० जण होते, आणि ते डॉक्टर नव्हते. ठरावीक प्रश्न संपल्यावर घरच्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच भाषेत, अर्ध्या पानाच्या मोकळ्या जागेत लिहून घ्यावयाची असे. तो कागद दोन डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे जाई. एकाने काय ठरविले हे दुसऱ्यास कळत नसे. दोघांचे जमले नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा देई. लंडनच्या शोधणाऱ्या बाईचे काम येथे दोघांत विभागले गेले आहे: ऐकणारा वेगळा आणि ठरविणारा वेगळा. ठरविणाऱ्याला मद्याचा पेला पाजण्याची सोय मृताच्या घरच्यांना उरली नाही.

यातून जे निघाले त्यात सर्पदंशाचा आकडा सर्वांस चकित करणारा होता. तपासलेल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंपैकी ५६२ साप चावून झालेले होते. सर्व देशास लागू केल्यास ही संख्या २००५ या वर्षासाठी सुमारे ४५,९०० भरली. इस्पितळांतून येणाऱ्या सरकारी आकड्यापेक्षा ती तीसपटींहून अधिक होती. असे व्हावे यात खरे म्हणजे आश्चर्य नाही. या मृत्यूंपैकी ९७ टक्के खेड्यांतले, बरेचसे पावसाळ्यातले, शेतात राबणाऱ्या तरुणांचे. आणि इस्पितळात झालेले फक्त २३ टक्के. बाकीचे मांत्रिकाच्या ओट्यावर, बैलगाडीत किंवा घरच्या अंगणात गेले. सापाने माणूस मेला हे त्या गावात प्रत्येकास ठाऊक होते. दफ्तरापर्यंत तेवढे ते पोहोचले नव्हते, आणि दफ्तरात नसलेल्या मरणासाठी खेड्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या कुप्या येत नाहीत.

आत्महत्येची गोष्ट उपदंशासारखी. २०१० साली पोलिसांकडील नोंद सुमारे १ लाख ३५ हजारांची होती. घरोघरच्या चौकशीवरून केलेला अंदाज पंधरा वर्षांवरील व्यक्तींपुरताच १ लाख ८७ हजार इतका निघाला. आत्महत्येचा प्रयत्न हा त्या काळी कायद्याने गुन्हा होता, आणि चौकशीस येणारा मनुष्य गणवेशातला असला म्हणजे बोलणे आपोआप आखडते. कागद-पेन्सिल घेऊन ओटीवर बसलेल्या परक्या माणसाला घरच्यांनी अधिक सांगितले. तरीही सर्व सांगितले असेल असे कोणी म्हणणार नाही.

आणि ताप? तो जुना रकाना अजून पुरता उलगडलेला नाही. याच चौकशीवरून २०१० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, भारतात हिवतापाने सत्तर वर्षांखालील सुमारे २ लाख ५ हजार माणसे दरसाल मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्या वेळी अवघा १५ हजारांचा होता. संघटनेने हरकत घेतली: थंडी वाजून ताप येणे हे हिवतापाखेरीज इतर कित्येक रोगांत घडते, आणि रक्त तपासल्यावाचून केवळ हकीकतीवरून त्यांत भेद कसा करणार? पद्धतीचा कैवार घेणाऱ्यांनी उत्तर दिले की, यांतील ८६ टक्के माणसे कोणत्याही दवाखान्यात न जाता मेली; तेव्हा दवाखान्याच्या आकड्यावरून काढलेला अंदाज तरी खरा कशावरून? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. ग्रॉण्टने कृश प्रेताविषयी जी शंका घेतली होती तीच येथे तापलेल्या अंगाविषयी उभी राहते. घरच्या माणसाने पाहिले ते खरेच सांगितले. पण जे पाहून कळण्यासारखे नाही ते तो कोठून सांगणार? सर्पदंशाचा आकडा आणि हिवतापाचा आकडा एकाच चौकशीतून निघाले असले, तरी दोहोंवर सारखाच भरवसा ठेवणे योग्य होणार नाही.

अलीकडे अशा हकीकतींवरून कारण ठरविण्याचे काम यंत्रगणकांकडूनही करवून घेतात. त्याने वेळ वाचतो आणि डॉक्टरामागे डॉक्टर बदलणारे मत एकसारखे होते. पण यंत्रालाही उत्तरे लागतात, आणि ती मिळवण्यासाठी कोणीतरी त्या घरी जावेच लागते. तेही मृताचे दिवस-कार्य उरकल्यावर, आणि फार उशीर होऊन आठवण पुसट होण्यापूर्वी.

जन्म-मृत्यूची नोंद भारतात १९६९ च्या कायद्याने सक्तीची झाली. तथापि २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २२.५ टक्केच होते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची वर्दी देणे बंधनकारक करावे असे राज्यांना कळविले. त्यामुळे इस्पितळात पोहोचलेला रोगी यापुढे कागदावर येईल. वाटेतच गेलेल्याची हकीकत मात्र अजून त्याच्या घरच्यांपाशीच आहे.